मदत हवी आहे: १४४, १६५ की २४० हर्ट्झ? आज रात्रीच मॉनिटर मागवायचा आहे

कानामात्रा (धागाकर्ता)

मंडळी, तातडीने मदत हवी आहे. माझ्या मॉनिटरच्या उजव्या कडेला महिनाभर एक उभी हिरवी रेघ होती. काल सकाळी तिच्या दोन झाल्या आणि आज अर्धा पडदा थरथरतोय. आता नवीन घेण्यावाचून गत्यंतर नाही.

काम आणि गेमिंग, दोन्हीसाठी मिळून एकच मॉनिटर हवा आहे. २७ इंची. रिफ्रेश रेटचे (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचे) १४४, १६५, १८० आणि २४० हर्ट्झ असे पर्याय दिसताहेत. १४४ च्या वर गेल्याने खरंच काही फरक पडतो का? मी स्वतः १६५ चा वापरून पाहिलाय आणि मला काडीचाही फरक जाणवला नाही. मग हा सगळा आकड्यांचा खेळ जाहिरातीपुरताच आहे का? बजेट मध्यम. सरळ मॉडेलचं नाव सांगितलंत तरी चालेल. ऑर्डर आज रात्री द्यायची आहे.

फ्रेमदरफ्रेम

ग्राफिक्स कार्ड कोणतं? गेम कोणते खेळता? रिझोल्यूशन कोणतं हवंय? आणि काम म्हणजे नेमकं काय? एवढं कळल्याशिवाय मॉडेल सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

साधा_माणूस

माणसाच्या डोळ्याला ६० च्या वर दिसत नाही. मी १२ वर्षं ६० हर्ट्झवर काम करतोय, कधी अडलं नाही. ऑफिसच्या कामाचा ७५ चा चांगला मॉनिटर घ्या आणि उरलेल्या पैशांत एसएसडी टाका.

फ्रेमदरफ्रेम

@साधा_माणूस, असहमत. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ ला ६.९. डोळा हलणाऱ्या वस्तूचा पाठलाग करत असतो आणि चित्र मात्र तेवढा वेळ जागच्या जागी असतं, म्हणून ते फराटल्यासारखं दिसतं. एखादी गोष्ट सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकत असेल तर ६० ला साधारण १६ पिक्सेलचा फराटा पडतो, १४४ ला जेमतेम ७ चा. गेम बाजूला ठेवा. लांबलचक मजकूर वेगाने स्क्रोल करून तो सरकत असतानाच वाचायचा प्रयत्न करा. ६० वर ओळी विरघळतात, १४४ वर वाचता येतात. ज्याला हे दिसत नाही त्याचा मॉनिटर बहुतेक ६० वरच चालू असतो.

धागाकर्त्यांसाठी: ६० वरून १४४ ला गेलात की प्रत्येक फ्रेममागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० ला गेलात की ३ सुद्धा नाहीत. पहिली उडी घ्याच. दुसरी स्पर्धेत उतरणाऱ्यांनी घ्यावी.

वक्ररेषा

२७ इंचांत अडकू नका. ३४ इंची वक्र अल्ट्रावाइड घ्या, ३४४० बाय १४४० पिक्सेल, व्हीए प्रकारचं पॅनेल. दोन खिडक्या शेजारी शेजारी पूर्ण उघडतात आणि मध्ये फ्रेमची काळी पट्टी येत नाही. मी तीन वर्षं वापरतोय, आता सपाट मॉनिटरकडे बघवत नाही. कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) आयपीएस या दुसऱ्या पॅनेल प्रकाराच्या तिप्पट असतो.

कानामात्रा (धागाकर्ता)

धन्यवाद, पण अल्ट्रावाइड नको. टेबल लहान आहे आणि मी २७ इंची आधीच लिहिलंय.

ग्राफिक्स कार्ड बरं आहे, माझे गेम चालतात. व्हॅलोरंट आणि हल्ली एल्डन रिंग. काम कॉम्प्युटरवरचंच, दिवसाला ८-९ तास. कृपया मुद्द्याचं बोलूया: १४४ की २४०?

वायरमन_२

मी अजून तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एकाच वाक्यावर अडकलोय: "१६५ चा वापरून पाहिलाय आणि काडीचाही फरक जाणवला नाही". १६५ आणि ६० मधला फरक माउसचा कर्सर गोल फिरवला तरी पहिल्या मिनिटात कळतो. तो तुम्हाला कळला नाही, म्हणजे दोष डोळ्यांचा नाही. घोडं दुसरीकडे कुठेतरी अडलंय.

१. डेस्कटॉप आहे की लॅपटॉप?
२. तो मॉनिटर कोणत्या केबलने जोडला होता?
३. विंडोजच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किती दाखवत होतं?

ही तीन उत्तरं येईपर्यंत काहीही मागवू नका.

अमावस्या

इतके तास पडद्यासमोर असता तर ओएलईडी पॅनेल घ्या आणि मोकळे व्हा. काळा म्हणजे खरा काळा, कारण पिक्सेल चक्क बंद होतो. एल्डन रिंगमधल्या गुहा आणि थडगी आयपीएसवर राखाडी दिसतात. एकदा ओएलईडीवर पाहिलंत की परत जाववणार नाही. प्रतिसादाचा वेग तर असा की घोस्टिंग (हलत्या वस्तूमागे राहणारी सावली) हा शब्दच विसराल.

निवांत

मॉनिटर कोणताही घ्या, पण डोळे सांभाळा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि लोक दोष हर्ट्झला देतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. खुर्चीचे हात टेबलाच्या उंचीला जुळतात का, तेही बघा. मला मानदुखीने वर्षभर छळलं, म्हणून कळकळीने सांगतोय.

कानामात्रा (धागाकर्ता)

@वायरमन_२, लॅपटॉप आहे. लिहायचं राहून गेलं. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. मित्राचा मॉनिटर (२७ इंची, १४४०पी म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेल, १६५ हर्ट्झ) एचडीएमआयने जोडला होता, दोन दिवस. सेटिंगमध्ये काय दाखवत होतं ते पाहिलं नाही. मॉनिटर १६५ चा आहे म्हटल्यावर तो १६५ वरच चालणार ना?

@फ्रेमदरफ्रेम, काम म्हणजे मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन. पीडीएफवर. शेजारी मूळ हस्तलिखिताचं स्कॅन उघडं असतं. बिघडलेला मॉनिटरही २७ इंचीच आहे, १०८०पी (१९२० बाय १०८०). परवापर्यंत २४० पानं पूर्ण करून द्यायची आहेत, घाई त्याचीच आहे.

वायरमन_२

आता उलगडा झाला.

मॉनिटर १६५ चा असला तरी तो आपण होऊन १६५ वर जात नाही. विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं. सेटिंग, सिस्टम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेटची यादी असते, त्यातून हाताने निवडावा लागतो.

पण तुमच्या बाबतीत त्या यादीत १६५ मुळात नसावाच असा माझा कयास आहे. १६५० वाल्या बऱ्याच लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि तो १.४ च्या पिढीचा असतो. त्यातून सेकंदाला जेमतेम ८ गिगाबिट चित्र जातं. १४४०पी ला ६० हर्ट्झवर ६ च्या आसपास लागतात, ते मावतात. १६५ हर्ट्झला लागतात १६ च्या वर. मावणार कुठून? म्हणजे तुम्ही दोन दिवस १६५ च्या मॉनिटरवर ६० हर्ट्झच पाहिलंत. उद्या याच पोर्टला २४० चा आणून लावलात तरी ६० च मिळतील.

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे का? असेल तर त्याच्या शेजारी छोटं चिन्ह छापलंय का? इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफल्यासारखं (डिस्प्लेपोर्टचं, म्हणजे एचडीएमआयसारख्याच चित्राच्या दुसऱ्या जोडणीचं), किंवा विजेचा बाण? नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल तर त्यातून चित्र जाईलच असं नाही.

दुसरीखिडकी

मुद्रितशोधन म्हणालात म्हणून लिहितेय. माझंही काम अक्षरजुळणीचं, १५ वर्षं.

हर्ट्झच्या आधी पिक्सेलची दाटी बघा. २७ इंचांत १०८०पी म्हणजे इंचाला फक्त ८२ पिक्सेल. तुमच्या लॅपटॉपचा पडदा १५.६ इंची असेल तर त्याच १०८०पी वर ती १४१ होते. रोमन अक्षरं ८२ वर कशीबशी निभावतात, देवनागरी नाही. १०० टक्के झूमवर ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखता येतात का? ‘भ’ ची गाठ आणि ‘म’ ची गाठ? ‘द्ध’ आणि ‘द्घ’? ‘ङ’ चा बाजूचा टिंब? मी तसल्याच पडद्यावर ‘धर’ चं ‘घर’ झालेलं दोनदा वाचूनही सोडलं होतं आणि ते तसंच छापून आलं. वाक्यात दोन्ही बसत होते. त्यानंतर पडदा बदलला.

२७ इंचांत १४४०पी घेतलात की दाटी १०९ होते. तेवढी किमान हवी. ४के (३८४० बाय २१६०) घेतलात तर १६३, अक्षर छापल्यासारखं दिसतं. पण १६५० वर ४के मध्ये गेम ओढणार नाही.

अमावस्या

म्हणूनच ओएलईडी म्हणतोय. तीक्ष्णपणाला तोड नाही.

दुसरीखिडकी

@अमावस्या, गेमसाठी मान्य. आमच्या कामासाठी नाही, आणि त्याचं कारण आपल्याच लिपीत आहे. क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्या प्रकाराच्या मूळ रचनेत लाल, हिरवा, निळा असे उपपिक्सेल एका ओळीत नसतात, त्रिकोणात असतात. विंडोजचं अक्षर गुळगुळीत करण्याचं गणित मात्र ते एका ओळीत आहेत असं धरून चालतं. त्रिकोणामुळे आडव्या कडांना रंग फुटतो, एका बाजूला हिरवट, दुसऱ्या बाजूला गुलाबी-जांभळट. इंग्रजीत आडव्या कडा तुटक असतात, चटकन डोळ्यांत येत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा आहे. पांढऱ्या पानावर ४० ओळी म्हणजे ४० रंगीत कडांच्या रेघा. मी आठवडाभर वापरून परत केला.

शिवाय दिवसाचे ९ तास तीच टूलबार, तेच पीडीएफचं पान एकाच जागी. बर्न-इनची (स्थिर चित्राचा कायमचा डाग पडण्याची) भीती अशाच वापराला असते.

अमावस्या

तुम्ही म्हणता ते १४४०पी च्या जुन्या पॅनेलचं. २७ इंची ४के ओएलईडीवर पिक्सेल इतके दाट असतात की हातभर अंतरावरून कड दिसत नाही. बर्न-इनचं म्हणाल तर मी टास्कबार आपोआप लपवतो, पार्श्वभूमी काळी ठेवतो, मॉनिटर स्वतःची पिक्सेल सफाई करतो. दोन वर्षं झाली, डाग नाही.

दुसरीखिडकी

काळ्या पार्श्वभूमीवर पुस्तकाची प्रुफं तपासत नाहीत हो. छपाईचं पान पांढरंच बघावं लागतं. आणि ४के चा मुद्दा बरोबर असला तरी त्यांचं कार्ड १६५० आहे, बजेट मध्यम आहे. ज्याने प्रश्न विचारलाय त्याच्या टेबलावरचं बोलूया.

वक्ररेषा

टेबल लहान असेल तर २७ इंची वक्र व्हीए सुद्धा मिळतो. कॉन्ट्रास्ट ३००० ला १, आयपीएसचा १००० ला १. ओएलईडीचा धोका नाही आणि काळाही बरा.

जुनाखेळाडू

@वक्ररेषा, कॉन्ट्रास्ट खरा, पण स्वस्त व्हीए गडद रंगांत रेंगाळतो. काळ्यातून करड्यात जायला पिक्सेलला वेळ लागतो, त्यामुळे अंधाऱ्या प्रसंगात कॅमेरा वळवला की मागे शाईचा ओघळ आल्यासारखं दिसतं. एल्डन रिंग हा तसाच गेम. आणि वक्र पडद्यावर शिरोरेषा वाकलेली बघत दिवसभर प्रुफं तपासायची?

धागाकर्ते, कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो: एल्डन रिंग पीसीवर ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेमना) बांधलेला आहे. २४० चा मॉनिटर लावलात तरी तो ६० च देणार, आणि १४४०पी वर १६५० ला ते ६० सुद्धा जड जातील. सेटिंग बरीच खाली आणावी लागतील. तुम्हाला हर्ट्झचा उपयोग होणार तो व्हॅलोरंटमध्ये. तो हलका आहे, पण १६५० कडून तिथेही कायम २४० ची अपेक्षा धरू नका.

एल्डन रिंगसाठी हर्ट्झपेक्षा व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) महत्त्वाचं. फ्रेम ४८, ५५, ५१ अशा खालीवर होतात तेव्हा मॉनिटर आपला वेग फ्रेमशी जुळवून घेतो आणि चित्र फाटत नाही. एनव्हिडियाने २०१३ साली हेच करणारं जी-सिंक आणलं तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळी चिप लागायची. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डं साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरवरही ते करतात, म्हणजे फ्रीसिंक लिहिलेला चालतो. मात्र त्यासाठी डिस्प्लेपोर्टची वाट एनव्हिडियाच्या चिपकडून आलेली हवी.

प्रतिसादाच्या ‘१ मिलिसेकंद’ या छापील आकड्यावर जाऊ नका. तो बहुतेकदा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोर देऊन लवकर बदलायला लावणं) टोकाला नेऊन मोजलेला असतो, आणि त्या सेटिंगवर हलणाऱ्या वस्तूच्या मागे उलटी, पांढरट सावली पडते. मधली सेटिंग ठेवा. आणि ‘एचडीआर ४००’ चं (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याचं) लेबल बघून एक पैसाही जास्त देऊ नका. त्या पातळीला पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करण्याची अटच नाही. नुसता थोडा उजेड वाढतो.

साधा_माणूस

वर ‘ज्याचा मॉनिटर ६० वरच चालू असतो’ असं लिहिलंय, म्हणून ऑफिसचा तपासला. मॉनिटर ७५ चा, सेटिंगमध्ये ६०. आत्ता ७५ केलं. स्क्रोल करताना थोडा फरक आहे, हे कबूल करतो.

अवांतर: @दुसरीखिडकी, पडद्यावर वाचायला कोणता फॉन्ट बरा? मला मंगलमध्ये जोडाक्षरं फार चेपलेली वाटतात.

दुसरीखिडकी

निर्मला यूआय वापरून बघा, विंडोजमध्येच असतो. नाहीतर मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी. पण प्रुफं तपासताना जो फॉन्ट छापला जाणार आहे त्यातच बघायचं. त्यावर वेगळा धागा काढा, इथे मॉनिटर राहून जाईल.

कानामात्रा (धागाकर्ता)

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘एचडीएमआय १.४बी’ असंच लिहिलंय. टाइप-सी पोर्ट डाव्या बाजूला आहे, त्यात मी आजवर फक्त पेनड्राइव्ह लावला. शेजारी डी-पी गुंफल्यासारखं चिन्ह आहे, अगदी बारीक. टॉर्च मारून पाहिलं.

मित्राचा मॉनिटर आज पुन्हा आणतोय. आता काय करू?

वायरमन_२

झकास. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या. टाइप-सी ते एचडीएमआयचा ठोकळा घेऊ नका, स्वस्त ठोकळे पुन्हा तुम्हाला ६० वरच आणून बसवतील. लांबी दीड-दोन मीटरच्या आत ठेवा. लांब, हलक्या केबलवर पडदा मध्येच क्षणभर काळा होतो आणि माणूस मॉनिटरला दोष देतो. मी स्वतः त्या नादात एक चांगला मॉनिटर परत पाठवलाय.

जोडल्यावर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं पान उघडा. कोणता पडदा कोणत्या चिपला जोडलाय त्याचं चित्र दिसतं. एनव्हिडियाच्या खाली दिसला तर व्हीआरआरसकट सगळं मिळेल. इंटेलच्या खाली दिसला तरी निराश होऊ नका. तो डिस्प्लेपोर्ट १.२ असला तरी १४४०पी वर १४४ चालतील.

फ्रेमदरफ्रेम

आणि मित्राचा मॉनिटर हाताशी आहे तर त्यावरच निर्णय घ्या. तुम्हाला हवा तोच वर्ग आहे तो: २७ इंची, १४४०पी, १६५. फक्त तो आयपीएस आहे का ते बघा. स्टँडची उंची बदलता येते का तेही बघा. नसेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा (मॉनिटर अडकवण्याची प्रमाणित) भोकं हवीत, पुढे आधाराचा हात (मॉनिटर आर्म) बसवता येतो.

निवांत

उंचीचा मुद्दा मी आधीच मांडला होता. त्याकडे दुर्लक्ष करू नका, ही विनंती.

कानामात्रा (धागाकर्ता)

केबल मिळाली, जोडलं. आधी पुन्हा ६० च दिसलं आणि जीव खाली-वर झाला. मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमधली यादी उघडली. केबल येण्याआधी एचडीएमआयवर पाहिलं तेव्हा तिथे ५९.९५ च्या वर काही नव्हतं. आता ६०, १२०, १४४, १६५ असे चारही दिसले. १६५ निवडलं, पडदा एकदा काळा होऊन परत आला आणि कर्सर हलवला. वायरमन_२, तुम्ही म्हणालात ते पहिलं मिनिट मला आता कळलं. सुरुवातीला मी इथे ‘काडीचाही फरक नाही’ असं ठासून लिहिलं होतं, ते मागे घेतो.

फिजएक्सच्या पानावर पडदा एनव्हिडियाच्या खाली आहे. व्हॅलोरंट १३० च्या आसपास चालतोय. एल्डन रिंग सगळं कमी करून ४५ ते ५५, पण चित्र फाटत नाही.

दुसरीखिडकी, तुमच्यासाठी: चालू पुस्तकाचं ११२ वं पान १०० टक्के झूमवर उघडलं. हे पान मी बिघडलेल्या मॉनिटरवर दोनदा वाचून पुढे गेलो होतो. तिसऱ्या परिच्छेदात ‘विद्ध’ च्या जागी ‘विद्घ’ आहे. आता लांबून दिसतोय. मागची १११ पानं आज रात्री पुन्हा वाचायला घेतोय.

मॉनिटर २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्झचा मागवला, उंची बदलणाऱ्या स्टँडचा. २४० चा विचार सोडला. येईपर्यंत मित्र त्याचा ठेवू देतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

दुसरीखिडकी

१११ पानं वाचताना ‘घ’, ‘ध’, ‘भ’ असलेले शब्द आधी शोधून बघा, मग सलग वाचा. वेळ वाचेल. पुस्तकाला शुभेच्छा.

नवा_वाचक

हा धागा वाचून माझा लॅपटॉप पाहिला. त्याला टाइप-सी आहे पण चिन्ह काहीच नाही, आणि एचडीएमआय १.४ च आहे. १४४ चा मॉनिटर मागच्याच आठवड्यात घेतलाय. मी काय करू?

वायरमन_२

मॉनिटर १०८०पी आहे की १४४०पी? १०८०पी असेल तर याच एचडीएमआयवर १२० पर्यंत मिळायला हवेत, यादी उघडून बघा. आणि लॅपटॉपच्या मागच्या बाजूला मिनी डिस्प्लेपोर्ट आहे का, तेही सांगा.